‘बेबल’चं दुसरं वाचन (कथानक उघड होतं, न वाचलेल्यांनी जपून)

निळीशाई

आर. एफ. कुआंग यांची ‘बेबल’ २०२२ साली आली तेव्हा वाचली होती, आता पुन्हा वाचून काढली. पहिल्या वेळी रामीचा मृत्यू, लेटीने केलेला घात आणि कोसळणारा मनोरा यांनीच मनाची सगळी जागा व्यापली होती. शेवट माहीत असताना वाचायला घेतली आणि जाणवलं, की या कादंबरीतला सगळ्यात कठोर भाग शेवटी नाहीच. तो सुरुवातीच्या एक-तृतीयांश भागात आहे, जिथे पुस्तकं आहेत, मैत्री आहे, रात्री उशिरापर्यंतच्या गप्पा आहेत. त्यावर सविस्तर बोलायचंय.

ज्यांना वाचून बरेच दिवस झालेत त्यांच्यासाठी थोडक्यात: १८२०च्या दशकाचा शेवट, चीनमधलं कँटन शहर. पटकीने घरातली सगळी माणसं गेलीत आणि एक मुलगा तेवढा धुगधुगी धरून आहे. ऑक्सफर्डचे प्रोफेसर लव्हेल येतात, त्याच्या छातीवर चांदीची पट्टी ठेवतात, दोन शब्द उच्चारतात आणि मुलगा वाचतो. पुढे तो रॉबिन स्विफ्ट या नावाने इंग्लंडात वाढतो आणि ऑक्सफर्डच्या ‘बेबल’ नावाच्या मनोऱ्यात भाषांतर शिकायला जातो. तिथे कलकत्त्याचा रामी, हैतीची व्हिक्टोआर आणि इंग्रज लेटी या सहाध्यायांशी त्याची मैत्री जमते. या जगातली जादू अशी: पट्टीच्या एका बाजूला एका भाषेतला शब्द, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या भाषेतला. भाषांतर करताना जो अर्थ गळून पडतो, तो चांदी प्रत्यक्षात आणते. रॉबिनला वाचवणारी जोडी फ्रेंच ‘त्रियाकल’ आणि इंग्रजी ‘ट्रीकल’ यांची आहे. जुन्या शब्दात विषावरचा उतारा होता, नव्यात काकवीचा गोडवा तेवढा उरला.

आता पहिलं वाक्य पुन्हा बघा. लव्हेल गल्लीबोळांतून वाट काढत आपल्या डायरीतल्या फिकट झालेल्या पत्त्यावर पोचतात आणि तोवर घरात तो मुलगाच जिवंत उरलेला असतो. पत्त्याची शाई फिकी झाली आहे, म्हणजे तो पत्ता आज-काल लिहिलेला नाही. हा माणूस या घराला बऱ्याच वर्षांपासून ओळखतो. मुलासाठी इंग्लंडहून पुस्तकं येतात, गरीब घरात मिस बेटी नावाची इंग्रज बाई पगारावर राहते, हे सगळं आपण पहिल्यांदा परीकथेतल्या योगायोगासारखं वाचत जातो. लव्हेल हे मुलाचे वडील आहेत हे माहीत असताना ते पान वाचलं की प्रश्न एकच उरतो: हा माणूस थोडा आधी का नाही आला? मुलाची आई नुकतीच गेली आहे. पट्टी खिशात होती.

लगेच पुढचा प्रसंग बंदरावरचा. एका चिनी मजुराला जहाजावर चढू देत नाहीत. त्याला ते समजावून सांगायला लव्हेल रॉबिनकडे बघतात. रॉबिनच्या आयुष्यातलं हे पहिलं भाषांतर, आणि ते आपल्याच माणसाला परत पाठवण्यासाठी केलेलं. जहाज त्याला घेऊन निघतं. पहिल्या वाचनात आपलंही लक्ष लंडन कधी येतंय याकडे असतं, मजूर मागे राहतो. कितीतरी प्रकरणांनंतर हाच रॉबिन कँटनला परत येतो, चीनचे आयुक्त लिन झेश्यू यांच्यासमोर दुभाषा म्हणून बसतो आणि त्या वेळी खरं काय ते सांगतो. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून वाचा. रॉबिनचा सगळा प्रवास या दोन भाषांतरांच्या मधला आहे.

आणि हॅम्पस्टेडच्या घरातला तो प्रसंग. कादंबरी वाचता वाचता मुलाला वेळेचं भान राहत नाही, शिकवणी चुकते, आणि लव्हेल त्याला शेकोटी सारखी करायच्या लोखंडी सळईने मारतात. रागाच्या भरात मारत नाहीत, हिशेबाने मारतात. घरकाम पाहणाऱ्या मिसेस पायपर त्याला प्रेमाने स्कोन खाऊ घालणाऱ्या आहेत. त्याही त्या मारावर कधी काही बोलत नाहीत. रॉबिन ठरवतो की इथेच राहायचं, कारण पुस्तकं इथे आहेत. पुढे ऑक्सफर्डला गेल्यावर मॅग्पाय लेनमधलं बिऱ्हाड, रामीशी पहिल्या भेटीतच जुळलेले सूर, नदीकाठची भटकंती, हे सगळं इतकं सुंदर लिहिलंय की वाचकही तोच सौदा करून बसतो. लेखिकेने आपल्याला सुखाची चव मुद्दाम दिली आहे. ती न देता नुसता अन्याय दाखवला असता, तर रॉबिनला मनोरा सोडवत का नाही हे आपल्याला फक्त डोक्याने कळलं असतं.

तुमचं दुसरं वाचन कसं झालं ते लिहा. विशेषतः लेटीबद्दल.

वाचनवेडी

फिकट शाईचं वाचून अंगावर काटा आला. मी लगेच पुस्तक उघडून ते वाक्य पाहिलं.

माझ्याकडून एक भर. मनोऱ्यात पहिल्याच दिवशी मुलांचं रक्त घेतात. दाराला बसवलेल्या संरक्षक पट्ट्यांना आतली माणसं ओळखू यावीत म्हणून. मुलं हरखून गेलेली असतात, प्रोफेसर प्लेफेअर हसतमुख, सगळं समारंभासारखं. दुसऱ्यांदा वाचताना त्या रक्ताच्या कुप्यांवरून नजर हटत नाही.

बखरकार

इतिहासाच्या अंगाने थोडं लिहितो, कारण या कादंबरीतली जादू जितकी खऱ्याला चिकटून आहे तितकी क्वचितच असते.

चांदीच का, याचं उत्तर इतिहासात आहे. ब्रिटनला चीनचा चहा हवा होता आणि चीनला ब्रिटनचा माल फारसा नको होता. मग चहाची किंमत चांदीत मोजावी लागायची. चांदीचा हा ओघ थांबवण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात पिकवलेली अफू चीनमध्ये शिरवली गेली आणि १८२०च्या दशकानंतर चांदी उलट दिशेने वाहू लागली. १८३९ साली लिन झेश्यू यांनी वीस हजारांहून जास्त पेट्या अफू जप्त करून हुमन इथे नष्ट केली, युद्ध पेटलं आणि १८४२च्या नानकिंगच्या तहात हाँगकाँग गेलं. कुआंग यांनी या खऱ्या चांदीलाच मंत्र दिला आहे. रामी कलकत्त्याचा आहे हाही योगायोग नव्हे. अफूचे लिलाव कलकत्त्यातच व्हायचे.

दुसरं, खरं ऑक्सफर्ड. त्या काळात तिथे प्रवेश घेतानाच अँग्लिकन चर्चच्या एकोणचाळीस कलमांवर सही करावी लागे. ती अट १८५४ साली सुटली. मुलींसाठीची पहिली वसतिगृहं १८७९ची, आणि पदवी मिळायला १९२० उजाडलं. म्हणजे १८३०च्या दशकात रामी, व्हिक्टोआर आणि लेटी या तिघांपैकी कुणालाही तिथे बसता आलं नसतं. कादंबरीत त्यांना दार उघडतं ते मनोऱ्याला त्यांच्या भाषा आणि त्यांची बुद्धी हवी आहे म्हणून, आणि जितकी हवी तितकंच उघडतं.

तिसरं, ऑक्सफर्डचं बोडेन अध्यासन. संस्कृतसाठीचं हे पद १८३२ साली भरलं गेलं, म्हणजे कादंबरीच्याच दशकात. पैसा दिला कर्नल जोसेफ बोडेन यांनी, कंपनीच्या मुंबई लष्करातले निवृत्त अधिकारी. मृत्युपत्रात हेतू स्पष्ट लिहिला होता: संस्कृतच्या ज्ञानाने हिंदुस्थानातल्या लोकांना ख्रिस्ती करणं सोपं व्हावं. आणि आपल्या मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा. पंडितांना हाताशी धरून लष्करी अधिकाऱ्याने केलेला. आजही अडला शब्द आपण त्यातच शोधतो. त्या कोशावर माझं मनापासून प्रेम आहे आणि तो कुणाच्या गरजेतून झाला हेही ठाऊक आहे. रॉबिनची मनोऱ्याबद्दलची ओढाताण मला समजते ती यामुळे.

वाचनवेडी

बखरकार, मोल्सवर्थचा संदर्भ फार आवडला. असंच लिहा अजून.

तिसरामजला

धागा चांगला चाललाय, म्हणून विरोधी मत मांडतो. दुसऱ्या वाचनात माझा या पुस्तकाबद्दलचा आदर वाढला नाही.

तळटिपा घ्या. व्युत्पत्ती सांगणाऱ्या टिपा सुरेख आहेत. पण कितीतरी टिपा वाचकाचा हात धरून सांगतात की हे बोलणं वर्णद्वेषी होतं, हे चूक होतं. प्रसंगातून ते लख्ख दिसलेलं असताना वर शेरा कशाला? वाचकावर इतका अविश्वास मला खटकतो.

दुसरं म्हणजे खलपात्रं. लव्हेल तोंड उघडतात ते वंशश्रेष्ठत्वाचं पाठ केलेलं बोलायला. स्टर्लिंग जोन्स या बेबलच्याच भाषांतरकाराला सूडापलीकडे काही दिलेलं नाही. अशा काळ्याकुट्ट माणसांना नाकारणं वाचकाला फार सोपं जातं, आणि निळीशाई म्हणतात तो सौदा तिथेच ढिला पडतो.

तिसरं, चांदीने कारखाने, बोटी, औषधं सगळं बदललं, तरी इतिहास त्याच तारखांना त्याच वळणांनी जातो. अफूचं युद्धही ठरल्या वेळी. एवढी मोठी शक्ती जगात आली असती तर जग असं ओळीने चाललं असतं का?

बखरकार

तिसऱ्या मुद्द्यावर माझं उत्तर: चांदीने सत्तेची दिशा बदलत नाही, वेग आणि पकड वाढते. ज्यांच्याकडे खऱ्या इतिहासात जहाजं आणि तोफा होत्या त्यांच्याकडेच इथे पट्ट्याही आहेत. गिरण्यांमुळे पोट गेलेले कामगार मनोऱ्याबाहेर निदर्शनं करतात तो भागही खऱ्या इंग्लंडचा आहे, फक्त यंत्राच्या जागी चांदी आली. तरीही, काही पिढ्या आधीपासून अशी जादू असती तर निदान युरोपातली सत्तांची मांडणी वेगळी झाली असती, हे मान्य.

निळीशाई

तिसरामजला, तळटिपांबद्दल तुमचं म्हणणं अर्धं पटतं. काही टिपा शेरेवजा आहेत खऱ्या. पण त्यांचा आवाज कुणाचा आहे याकडे दुसऱ्यांदा माझं लक्ष गेलं. त्या रॉबिनच्या नाहीत. रॉबिनला त्या क्षणी जे माहीत नाही ते टिपेला माहीत असतं. वर मजकुरात चार मित्र मजेत असतात आणि खाली कुणीतरी शांतपणे सांगतं की ही मजा कशावर उभी आहे. सुखाच्या प्रकरणांत त्या टिपा उडी मारून पुढे जाव्यात असं वाटतं, आणि तसं वाटणं हाच त्यांचा परिणाम.

लव्हेल मात्र मला सपाट वाटत नाहीत. कारण पुन्हा तेच: हा माणूस मुलाला ग्रीक, लॅटिन, उत्तम ग्रंथ, भविष्य सगळं देतो, फक्त मुलगा म्हणत नाही. त्याच्या भाषणांपेक्षा हे न म्हणणं मला जास्त भयंकर वाटतं. कँटनहून जहाजाने परतताना रॉबिन आईबद्दल विचारतो तेव्हा त्या बाईचं नावही या माणसाच्या तोंडून निघत नाही. मग ‘बाओ’ या फुटण्याच्या अर्थाच्या चिनी शब्दाची पट्टी चालते आणि लव्हेल संपतात. त्याच शब्दाने ग्रिफिनने, म्हणजे रॉबिनच्या सावत्र भावाने, पूर्वी बेबलमधल्या आपल्या सहाध्यायी ईव्ही ब्रुकला मारलेलं असतं. दोघा मुलांना बापाने एकच भाषा टिकवायला लावली आणि दोघांच्या हातून त्याच भाषेतल्या त्याच शब्दाने खून झाला. हे मला पहिल्या वाचनात इतकं ठळक दिसलं नव्हतं.

रानजाई

लेटीबद्दल विचारलंय म्हणून येते. लेटी हे या पुस्तकातलं सगळ्यात काळजीपूर्वक रंगवलेलं पात्र आहे असं माझं ठाम मत आहे, आणि ‘ती अचानक फिरली’ या तक्रारीला दुसऱ्या वाचनात आधार सापडत नाही.

पहिल्यापासून बघा. ॲडमिरलची मुलगी. भाऊ लिंकन ऑक्सफर्डला जाऊन वेळ वाया घालवतो आणि मरतो, तेव्हा कुठे हिला जागा मिळते. बापाला मुलीच्या शिक्षणाची किंमत नाही. म्हणजे तिने अन्याय पाहिला आहे, सोसला आहे, आणि अभ्यासाच्या जोरावर त्याच्यावर मात केली आहे. इथेच गाठ बसते. तिला वाटतं की अन्याय असाच हटतो: आपण लायकी सिद्ध करायची, वरच्यांना पटवायचं, एक दिवस दार उघडतं. तिच्यापुरतं ते उघडलंही. बाकी तिघांच्या बाबतीत ते कधीच उघडणार नाही, हे मानलं तर तिला स्वतःच्या आयुष्याचा अर्थ बदलावा लागतो.

त्यामुळे मित्र काही सांगू लागले की ती वाद घालते. दुष्टपणाने नाही. तिला खरोखर पुरावा हवा असतो, आणि तिघं दर वेळी पुरावा देऊन दमलेले असतात. बॉलच्या, म्हणजे नाचाच्या समारंभाच्या रात्री रामी तिच्याबरोबर नाचत नाही हे तिला किती लागतं ते आठवा. गोऱ्या ॲडमिरलच्या मुलीबरोबर सगळ्यांदेखत नाचणाऱ्या कलकत्त्याच्या मुलाचं त्या सभागृहात काय होईल, हा विचार तिला शिवत नाही. तिचं दुःख खरं असतं आणि त्या दुःखात रामीला जागा नसते. तिने पुढे रामीवर झाडलेली गोळी मला त्याच रात्रीपासून दिसते.

आणि विसरू नका, लव्हेलचा खून तिनेही लपवला आहे. मित्रांसाठी ती तिथपर्यंत येते. एका माणसाला वाचवणं तिला जमतं, पण आपल्या देशाविरुद्ध उभं राहायची वेळ येते तेव्हा पाय मागे येतो. लेखिकेने तिला स्वतःचं मध्यंतर, म्हणजे तिच्या नजरेतून सांगितलेलं छोटं प्रकरण दिलं, तिच्या डोक्यात शिरू दिलं. तिथे पश्चात्तापही आहे आणि आपणच बरोबर होतो ही खात्रीही.

वाचनवेडी

रानजाई, अनुमोदन. पुढच्या वेळी बॉलचा प्रसंग हे डोक्यात ठेवून वाचेन.

पण मग व्हिक्टोआरचं काय? लेटीला एवढं दिलं आणि जिला सगळ्यात जास्त सांगण्यासारखं होतं ती बहुतेक पुस्तकभर गप्प आहे. हैतीची मुलगी. ज्या देशाने १८०४ साली गुलामगिरी झुगारून स्वातंत्र्य मिळवलं आणि ज्याच्याकडून फ्रान्सने १८२५ साली त्या स्वातंत्र्याची पंधरा कोटी फ्रँक भरपाई मागितली, त्या देशाची. एवढा इतिहास पाठीशी असलेली मुलगी समजूत घालणारी मैत्रीण म्हणून वावरते याचा मला राग येतो.

रानजाई

राग रास्त आहे. माझं वाचन थोडं वेगळं: तिला गप्प ठेवणारे तिचे मित्रही आहेत. रॉबिन तिला विचारतच नाही, आणि कथा रॉबिनच्या डोळ्यांनी चाललीय. लेटीबरोबर एका घरात राहून तिला रोज काय ऐकून घ्यावं लागलं असेल ते रॉबिनला फार उशिरा उमगतं. उपसंहार तिच्या वाट्याला येतो आणि तिचं आधीचं आयुष्य तिथे कळतं, तेव्हा आधीच्या प्रत्येक प्रसंगात ती काय गिळत होती याचा अंदाज येतो. तरीही एक अख्खं मध्यंतर आधी मिळायला हवं होतं, याला माझी पूर्ण सहमती.

कोरीवही

मी अजून वाचलेलं नाही, अर्ध्यावर डोळे मिटून खाली आले. विचारायचं एवढंच: डार्क अकॅडेमिया प्रकारातलं पहिलंच पुस्तक म्हणून हे घ्यावं का? जादू जास्त आहे की विद्यापीठ?

निळीशाई

नक्की घ्या. विद्यापीठ जास्त, जादू सगळी शब्दांची. द्वंद्वं, राक्षस वगैरे शोधत असाल तर निराशा होईल. शब्द कुठून आला हे शोधायला आवडत असेल तर मनोऱ्यातले वर्ग सोडवणार नाहीत. या प्रकारात गूढ वातावरण, जुन्या इमारती, निवडक हुशार मुलं आणि त्यांच्यातलं एखादं पाप एवढ्यावर बरीच पुस्तकं थांबतात. ही कादंबरी त्या इमारतीचा खर्च कोण देतं हे विचारते. याच लेखिकेची २०२५ची ‘काटाबासिस’ही विद्यापीठाचीच आहे, पण सुरुवात ‘बेबल’ने करा.

तिसरामजला

रानजाईंचं लेटीबद्दलचं विवेचन मला पटलं. पण शेवटाकडे कुणीच वळलं नाही म्हणून विचारतो. संपकरी भाषांतरकार मनोरा ताब्यात घेतात, पट्ट्यांची निगा थांबते, शहरं ढासळू लागतात आणि वेस्टमिन्स्टर पूल पडतो. माणसं मरतात. पुस्तकाच्या पूर्ण नावात ‘हिंसेची अपरिहार्यता’ आहे, म्हणजे इथे लेखिकेला उत्तर द्यायचंच आहे. मग त्या पुलावरच्या एकाही माणसाला चेहरा का नाही? ज्या पुस्तकात एकेका शब्दाला तळटीप आहे त्यात तिथे मेलेल्या कुणाला दोन ओळी मिळत नाहीत.

बखरकार

तुमचा प्रश्न बरोबर जागी बोट ठेवतो. मला मात्र ती त्रुटी रॉबिनची वाटते, लेखिकेची नाही. रामी गेल्यानंतर रॉबिनला माणसं दिसेनाशी झाली आहेत. पूल कधी पडेल याचा त्याला अंदाज आहे आणि तो वाट बघतो. एके काळी ज्या मुलाला सळईने हिशेबाने मारलं होतं, तोच आता हिशेब मांडतो आहे. व्हिक्टोआर त्याला अडवू पाहते ते याच कारणाने.

रानजाई

आणि त्याच पुस्तकात या हिशेबाला विरोधही आहे. व्हिक्टोआरला मरायचं नाही. ती जगायचं ठरवते तेव्हा रॉबिन तिला भ्याड म्हणत नाही, जाऊ देतो. पहिल्या वेळी मला त्याचा शेवट शूर वाटला होता. या वेळी तो थकलेला वाटला. आई, रामी, ग्रिफिन सगळे गेल्यावर ज्याला पुढचा दिवसच नको आहे असा मुलगा. तिसरामजला, ‘अपरिहार्य’ आहे का याचं उत्तर त्यामुळे मला रॉबिनकडून घ्यावंसं वाटत नाही. प्रोफेसर क्राफ्टबद्दल तुमचं मत काय? लॅटिन शिकवणारी, इंग्रज, सगळं गमावण्यासारखं असलेली बाई शेवटपर्यंत मनोऱ्यात थांबते. लेटीला मोकळी असलेली दुसरी वाट तीच होती, आणि तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही.

तिसरामजला

क्राफ्टची प्रकरणं पुन्हा बघतो आणि लिहितो. पुलाचा मुद्दा मी सोडलेला नाही.